एक्कावन्न बैठका

अल्फिया शिकलगार हिचं पत्र मला मिळालं त्याला या नोव्हेंबरात एकोणीस वर्षं झाली. मी त्या पत्राला उत्तर दिलं नाही. ते हरवलं असतं तर निदान एक सबब राहिली असती, पण ते हरवलं नाही. शरीरक्रियाशास्त्राच्या एका जाड ग्रंथात, गुडघ्याच्या प्रकरणापाशी, मीच ते ठेवलं होतं. पुढे तीन घरं बदलली, तरी ते पान मला न शोधता उघडता येत असे.

वहीतून फाडलेलं रेघांचं पान, त्यावर शाईच्या पेनानं सावकाश काढलेलं अक्षर.

‘माननीय पोतनीस सर, स. न. वि. वि. मी आठवीत आहे. मी चिंचबन तालमीकडून फुटबॉल खेळते, उजव्या बाजूनं. तुमची चाहूल मला लाल दाखवते. आमच्या तालमीतल्या सहाही मुलींना लालच दाखवते. पलीकडच्या पेठेतल्या मुलींना हिरवं दाखवते. पण त्यांना आम्ही चार-शून्यनं हरवलं आहे, आणि आमच्यात कुणाचा गुडघा कधी दुखलेला नाही. तुमच्या पुस्तकातले व्यायाम आम्ही रोज करतो. तीनदा लाल आलं की यंदा खेळता येणार नाही असा नियम आहे. माझं दोनदा आलं आहे. मग चूक कुणाची, आमची का यंत्राची? तुम्ही एकदा सकाळी साडेपाचला येऊन बघा. येता येत नसेल तर उत्तर तरी पाठवा. सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे.’

पाकीट खरंच होतं. त्यावर तिनं स्वतःचाच पत्ता घातला होता: कु. अल्फिया शिकलगार, द्वारा चिंचबन तालीम, कोल्हापूर.

चाहूल म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. मी पुण्याच्या एका महाविद्यालयात शरीराच्या हालचालींचं यंत्रशास्त्र शिकवत असे. धावता धावता खेळाडू एकदम वळतो, किंवा उडी मारून एका पायावर उतरतो, तेव्हा गुडघ्याला खरा धोका असतो तो पाऊल टेकल्यानंतरच्या सेकंदाच्या पहिल्या विसाव्या भागात. एवढ्या वेळात पायाचा निरोप मेंदूला जाऊन परत यायलाही सवड नसते. म्हणून तयार शरीर वाट बघत नाही. पाऊल टेकण्याच्या आधीच मांडीमागचे स्नायू आवळले जातात आणि गुडघ्याला धरून ठेवतात. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं वाटतं आणि ती नसते, तेव्हा जो हिसका बसतो तो आठवा. शरीर सतत पुढची तयारी करत असतं. ती चुकते तेव्हाच आपल्याला तिचा पत्ता लागतो.

बाराव्या-तेराव्या वर्षी पाय भराभर लांब होतात आणि मेंदूतला त्यांचा नकाशा जुनाच राहतो. मुलींचे गुडघे या वयात फार दुखावतात. पण ही तयारी शिकवता येते. एका पायावर बैठक, उडी मारून न डगमगता उतरणं, जोडीदारानं घोटे धरले असताना गुडघ्यांवरून हळूहळू पुढे झुकणं, कोपरावर आडवं तोलून राहणं. खेळाआधी वीस मिनिटं हे केलं तर पायात बळ येतं आणि वळण्यात चपळाई. यावर मी एक लहानसं पुस्तक लिहिलं होतं. आणि नंतर चाहूल केली. मांडीला बांधायची एक पट्टी. मुलीनं तीन उड्या मारायच्या, स्नायू पाऊल टेकण्याच्या किती आधी जागे झाले ते पट्टी मोजणार. पुरेसं आधी असेल तर हिरवा दिवा, नाहीतर लाल.

आज कुणाला कोणता व्यायाम जास्त द्यायचा ते शिकवणाऱ्याला कळावं, एवढाच माझा हेतू होता. पण पट्टी सगळीकडे गेली आणि फुटबॉल संघटनेनं नियम केला: चौदा वर्षांखालच्या ज्या खेळाडूला तीन चाचण्यांत लाल येईल, त्याला तो हंगाम बंद. मुलांच्या भल्यासाठीच केला. ज्या बैठकीत हा नियम झाला तिथं मी होतो. हवा रोज बदलते, तशी ही मोजणी रोज बदलेल, तिच्यावरून पोराचा निकाल लावू नये, असं माझ्या मनात आलं होतं. पण बाकीचे फार खात्रीनं बोलत होते. मी ग्लासातलं पाणी प्यायलो.

मग अल्फियाचं पत्र आलं. मी उत्तराचे सात मसुदे केले. पहिल्यात लिहिलं, यंत्र बहुधा बरोबर आहे. तो फाडला. पुढच्यात लिहिलं, यंत्र बहुधा चुकत असावं. तोही फाडला. मग ठरवलं की आधी तपासू, मग लिहू. कोल्हापूरला जाऊन कुणा अनोळखी तालमीच्या दारात उभं राहायचं माझ्यानं होईना, म्हणून आकडे मागवले. आकडे येईपर्यंत मार्च उजाडला आणि हंगाम सरला. आता काय लिहायचं, असं वाटलं. दुसऱ्या वर्षी त्याहून जास्त वाटलं.

निवृत्तीनंतर, पत्नी गेल्यावर, मी कोल्हापूरला लेकीकडे राहायला आलो. चिंचबन तालीम तिथून चालत बारा मिनिटांवर होती. मी त्या रस्त्यानं कधी गेलो नाही.

माझी नात इरा बारा वर्षांची आहे. तिच्या शाळेनं मुलींचा संघ बंद केला, तेव्हा दसऱ्याला ती स्वतःच एका तालमीत नाव घालून आली. कुठल्या, ते मी विचारलं नव्हतं. नोव्हेंबरातल्या एका बुधवारी ती घरी आली आणि बूट न काढताच माझ्यासमोर बसली.

“आजोबा, परत लाल.”

“कितव्यांदा?”

“दुसऱ्यांदा. रविवारी तिसरी चाचणी. तीही लाल आली की मी गेलेच.” ती बुटाची नाडी ओढत होती. “शाळेत होते तेव्हा एकदासुद्धा लाल आलं नव्हतं. तालमीत आम्हा अकराच्या अकरा जणींना लाल. ताई म्हणते, त्या यंत्राला आपली पेठच आवडत नाही.”

“कोण ताई?”

“अल्फियाताई. आमची कोच. चिंचबनची.”

मी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. चाहूल आपल्या आजोबांनी केली हे इराला माहीत नव्हतं. लेकीला मी बजावलं होतं, सांगू नकोस म्हणून. पोरीच्या मैत्रिणींना बंदी घालणारं यंत्र माझ्या हातचं, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

“उद्या मी तुझ्याबरोबर येऊ का?” मी विचारलं.

“पहाटे? तुम्ही?” इरा म्हणाली. “साडेपाचला असतं हो.”

“माहीत आहे,” मी म्हणालो.

तालीम म्हणजे दगडी जोत्यावरची एक बैठी इमारत, आत लाल मातीचा हौदा, भिंतीला मारुती आणि शेजारच्या कोनाड्यात पिराचा पंजा. मागे चिंचांच्या झाडांपलीकडे मैदान. थंडी होती आणि गुऱ्हाळांचा वास हवेत होता. शिट्टी गळ्यात घातलेली, कानटोपी घातलेली एक तिशीतली बाई दारात उभी राहून उशिरा येणाऱ्यांची खबर घेत होती.

“काय गं पाटलीण, पालखीतनं आलीस व्हय? पळ.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “इराचं आजोबा काय तुम्ही? या की. बसा कट्ट्यावर. च्या सांगू?”

“नको नको. मी नुसता बघायला आलो आहे.”

“बघा की. बघायला काय पैसं पडत न्हाईत.”

अल्फिया शिकलगार मी मनात जपली होती ती आठवीतली, शाईनं बोटं माखलेली. ही उंच, सावळी, मोठ्या आवाजाची होती, आणि कोल्हापूरच्या पोरी बोलतात तशी स्वतःबद्दल ‘आलो, गेलो’ म्हणत होती.

मी कट्ट्यावर बसलो. शेजारी एक पुस्तक पडलं होतं, मुखपृष्ठ गेलेलं, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं. उघडलं आणि बंद केलं. मग पुन्हा उघडलं. ते माझं पुस्तक होतं. पानापानावर समासात हिरव्या शाईत टिपणं होती. ‘गुडघा आत पडू देऊ नये’ या माझ्या वाक्याशेजारी लिहिलं होतं: ‘पोरींना असं कळत नाही. गुडघ्यानं करंगळीकडं बघायचं, असं सांगायचं.’ माझ्या वाक्यापेक्षा ते फार चांगलं होतं.

“ते पुस्तक व्हय?” अल्फिया जवळ येऊन उभी राहिली. “लिहिणारा माणूस हुशार हाय. पर भित्रा. प्रत्येक पानावर ‘बहुधा’. बहुधा असं करावं, बहुधा तसं करावं. एकदा मोजलं मी. एकशेचौदा.”

मी पुस्तक मिटून कट्ट्यावर ठेवलं.

“लहानपणी त्याला मी पत्र लिहिलेलो,” ती म्हणाली. “तिकिटाच्या पाकिटासकट. तिकीट गेलं फुकट.”

“उत्तर… आलं नाही?”

“मोठी माणसं. कामात असत्यात.” तिनं हे अगदी सहज म्हटलं. “तिसऱ्यांदा लाल आलं. त्या साली राज्याची निवड होती. आमच्या सहाजणींचा संघच मोडला. अब्बा म्हणाले, आता दहावीचं बघ. पुढं मैदान सुटलं न्हाई म्हणा, शाळेत पीटी शिकवतो. यंदा परत मुलींचा संघ उभा केला, तर परत तेच लाल.” तिनं शिट्टी तोंडाकडे नेली आणि थांबली. “मुलांना येत न्हाई बघा. ह्याच तालमीतल्या. त्यांना मैदान संध्याकाळी मिळतं, आम्हाला सकाळी. माती तीच, वय तेच. आता तुम्हीच सांगा.”

 शिट्टी वाजली.

मुली मैदानाकडे गेल्या नाहीत. त्यांनी बूट दाराशी काढले आणि एकेक जण हौद्याच्या कडेला येऊन उभी राहिली. वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि सगळ्याजणी बैठका मारू लागल्या. पूर्ण, खोल बैठका, टाचा उचलून, तालमीतल्या पैलवानांसारख्या. कुणी मोठ्यानं मोजत नव्हतं. ओठ तेवढे हलत होते. एक्कावन्न झाल्यावर त्यांनी पुन्हा मातीला हात लावला, पाय धुतले, बूट घातले, मैदानावर गेल्या, आणि सरावाच्या मोजणीसाठी अल्फियानं पहिल्या मुलीच्या मांडीला चाहूल बांधली.

मी कट्ट्याची कड धरून बसलो. सात मिनिटं. बैठका आणि पट्टी यांच्यामध्ये जेमतेम सात मिनिटं गेली होती.

घरी जाताना मी इराला विचारलं, “चाचणीच्या अर्जात एक प्रश्न असतो ना, आज याआधी व्यायाम केला आहे का? तिथं काय लिहितेस?”

“नाही.”

“आणि त्या बैठका?”

“आजोबा, तो व्यायाम थोडाच आहे? तो मातीचा मान.” मला एवढंही कळत नाही याचं तिला नवल वाटलं. “चेंडूला पाय लागायच्या आधी मातीला मान द्यायचा. ताईलाही तिच्या वस्तादांनी तेच शिकवलं होतं. देवाला नमस्कार केला तर ते कुणी व्यायामात धरतं का?”

तो प्रश्न मीच लिहिला होता. पुण्यात, खोलीत बसून. माणसं व्यायामाला व्यायामच म्हणतात असं धरून.

एक्कावन्न खोल बैठका मारल्यावर मांडीचे स्नायू थकतात आणि थकलेला स्नायू उशिरा जागा होतो. वीस-तीस मिनिटांत तो सावरतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याच बैठकांनी आधीपेक्षा बळकटही होतो. म्हणूनच त्या मुली जिंकत होत्या आणि म्हणूनच त्यांना लाल येत होतं. मुलं मान सकाळी देत आणि पट्टी संध्याकाळी मैदानावर बांधत; मध्ये अख्खा दिवस जाई. हे ओळखायला आकडे लागत नव्हते. एकदा सकाळी साडेपाचला येऊन बसायला हवं होतं, आणि ते तिनं पत्रात लिहिलं होतं.

शुक्रवारी मी पुन्हा गेलो आणि फार अडखळत अल्फियाला म्हणालो की मी पूर्वी असले विषय शिकवत असे, तर एक करून बघता येईल का? मानानंतर लगेच एकदा मोजायचं, आणि चाळीस मिनिटं बसवून पुन्हा एकदा.

“मान बंद करायचा न्हाई,” ती आधीच म्हणाली.

“नाही, नाही. मान तसाच.”

मानानंतर अकराही जणींना लाल आलं. मग मुली चिंचेखाली बसल्या, कुणी गृहपाठ काढला, कुणी चिंचा पाडल्या. चाळीस मिनिटांनी अल्फियानं पुन्हा पट्ट्या बांधल्या. पहिली हिरवी. दुसरी हिरवी. पाचव्या मुलीनंतर अल्फियानं मोठ्यानं सांगणं बंद केलं आणि नुसती वहीत लिहू लागली. दहा हिरव्या झाल्या. इराची पाळी आली तेव्हा लाल आलं.

“पट्टी सैल असंल,” अल्फिया म्हणाली, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती वही घेऊन माझ्या शेजारी बसली.

“एवढंच?” तिनं विचारलं.

“एवढंच.”

“अर्धा तास थांबायचं, एवढंच होतं?”

“हो.”

तिनं वहीतल्या दहा हिरव्या पुन्हा मोजल्या. माझं नाव त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं, आणि घसा साफ केला.

“सर्दी झाली व्हय तुम्हाला? थंडीत बसून,” ती म्हणाली. मग उठून मुलींना म्हणाली, “ऐका गं. उद्यापासनं पावणेपाचला. मान झाला की बसायचं, मग मैदान. कुणी कुरकुर केली तर तिला चारलाच बोलवणार.”

शनिवारी दुपारी मी इराला दाराच्या चौकटीशी उभं केलं. तिथं तिची आई दर वाढदिवसाला पेन्सिलीची रेघ मारते. जुलैच्या रेघेपेक्षा इरा चार बोटं उंच झाली होती. चार महिन्यांत चार बोटं. मी तिला जिन्याच्या खालच्या पायरीवरून एका पायावर उडी मारायला सांगितली. ती उतरली, गुडघा आत वळला, हात हवेत गेले.

तिचं लाल खरं होतं. बाकी दहाजणींना माझा प्रश्न आडवा आला होता. माझ्या नातीला मात्र यंत्र तेच सांगत होतं जे सांगण्यासाठी मी ते केलं होतं: पाय लांब झालेत, नकाशा जुना आहे, पंधरा-वीस दिवस नीट शिकव. पण नियमाच्या वहीत ते तिसरं लाल ठरणार होतं.

रविवारी संघटनेचा माणूस आला. सूर्यवंशी नावाचा नम्र तरुण, हातात टॅबलेट. मुली पावणेपाचलाच येऊन, मान देऊन, बसून तयार होत्या. एकेक हिरवा दिवा लागत गेला तशी चिंचेखाली कुजबुज वाढत गेली. इरा शेवटी होती. तिनं तिन्ही उड्या मारल्या, आणि दिवा बघायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

लाल.

सूर्यवंशींनी टॅबलेटवर बोट ठेवलं. “सॉरी बाळा. तिसरं आहे. पुढच्या वर्षी ये.”

इरा रडली नाही. पट्टी सोडून तिनं ती नीट गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली. ते मला सहन झालं नाही. मी उठलो. कट्ट्यापासून त्यांच्यापर्यंत वीसेक पावलं असतील.

“पहिली दोन धरू नका,” मी म्हणालो. माझा आवाज इतका लहान निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं. “हिची पहिली दोन लाल धरू नका. त्या वेळी पायांवर एक्कावन्न बैठकांचा थकवा होता. आजचं धरा. आजचं खरं आहे.”

“आजोबा, नातीसाठी वाटणारच,” सूर्यवंशी समजुतीनं म्हणाले. “पण नियमात तसं नाही.”

“नियम झाला त्या बैठकीला मी होतो. तेव्हा बोललो नाही.”

“आपण कोण?”

“मी हेमंत पोतनीस. ही पट्टी मी केली.”

मैदानावर कुणीतरी चेंडू मारत होतं, ते थांबलं. मी इराकडे बघितलं नाही, आणि अल्फियाकडे तर मुळीच नाही. सूर्यवंशींनी टॅबलेटवर काहीतरी शोधलं. माझा वीस वर्षांपूर्वीचा फोटो सापडला असावा, कारण ते फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग त्यांनी कुणाला तरी फोन लावला, लांब जाऊन बोलले, आणि परत येऊन म्हणाले, “लेखी द्या सर. दोन्ही चाचण्या स्थगित ठेवता येतील. सगळ्यांच्याच. पुढचं समिती बघेल.”

अल्फियाच्या वहीतलं एक पान मागून घेऊन मी कट्ट्यावर लिहायला बसलो.  अर्जातला प्रश्न अपुरा आहे, तो मी लिहिला आहे, मोजणी त्या दिवसापुरती असते, तिच्यावरून हंगाम बंद करू नये, असं सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं: ‘सबब वरील दोन्ही चाचण्या बहुधा ग्राह्य धरू नयेत.’

माझ्या खांद्यामागे कुणीतरी उभं होतं.

“सर,” अल्फिया म्हणाली, “बहुधा खोडा.”

मी खोडलं. सही केली. सूर्यवंशी कागद घेऊन गेले. ती तिथंच उभी राहिली.

“पाकीट मिळालेलं?” तिनं विचारलं.

“मिळालं होतं.”

“मग?”

 एकोणीस वर्षांत सात मसुदे केलेल्या माणसाला त्या वेळी एक शब्द सापडला नाही. तिचा चेहरा मऊ झाला, शब्द न आठवणाऱ्या पोरासमोर शिक्षकाचा होतो तसा.

“राहू द्या,” ती म्हणाली. “तुम्हाला बोलायला जमत न्हाई, दिसतंय. लिहून पाठवा. तिकीट लावलेलंच हाय.”

मग तिनं इराला हाक मारली. “घाटगे, इकडं ये. तुझं लाल खरं हाय म्हणत्यात तुझं आजोबा. उंच झालीस न्हवं? पंधरा दिवस चेंडू न्हाई. कट्ट्यावरनं उडी, एका पायावर उतरायचं. गुडघ्यानं कुठं बघायचं?”

“करंगळीकडं,” इरा म्हणाली. आणि परतीच्या वाटेवर अर्ध्या रस्त्यापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, “तुम्ही मला सांगायला हवं होतं.”

“हो.”

“त्या यंत्राला मी काय काय बोलले होते तुमच्यासमोर.”

“बरोबरच बोलली होतीस.”

तिनं माझा हात धरला. रस्ता ओलांडून झाला तरी सोडला नाही.

सोमवारी सकाळी मी तो जाड ग्रंथ काढला. या खेपेला मसुदा केला नाही.

‘चि. अल्फिया, अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. उत्तराला एकोणीस वर्षांचा उशीर झाला. चूक कुणाची, आमची का यंत्राची, असं तू विचारलं होतंस. तुमची नव्हती. यंत्राचीही नव्हती, त्यानं समोर होतं तेवढं मोजलं. चूक माझी होती. तू एकदा येऊन बघा म्हणालीस, आणि मी आलो नाही. मी आलो असतो तर त्या वर्षी तू निवडीला गेली असतीस. पुढे काय झालं असतं ते मला ठाऊक नाही, पण ते तुझं होतं आणि माझ्यामुळे गेलं. ते परत देण्याचा उपाय माझ्यापाशी नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची झाली तर समासातली हिरवी वाक्यं आत घ्यावीत आणि त्यांच्याखाली तुझं नाव असावं, अशी इच्छा आहे. तुझी परवानगी हवी. रोज पावणेपाचला मी येत जाईन. तुझा, हेमंत पोतनीस.’

वाचून बघितलं. एकही ‘बहुधा’ नव्हतं. एक घालावंसं फार वाटलं.

पाकिटाचा गोंद वाळून गेला होता, तो खळीनं चिकटवला. तिकीट जुन्या किमतीचं, म्हणून त्याच्या शेजारी नवी दोन लावली. पत्ता बदलायची गरज नव्हती. आठवीतल्या मुलीनं शाईनं काढलेलं ते अक्षर थोडं तपकिरी झालं होतं, पण स्वच्छ वाचता येत होतं. पोस्टमन ते तालमीत देईल तेव्हा तिला ते स्वतःच्याच हातचं दिसेल.

पोस्टाची लाल पेटी आता आमच्या भागात एकच उरली आहे, शाळेच्या कोपऱ्यावर. आठवड्यातून एकदा, मंगळवारी उघडतात. इरा बरोबर आली. वाटेतल्या प्रत्येक दुकानाच्या पायरीवर चढून ती एका पायावर उतरत होती, आणि मी पाकीट कोटाच्या आतल्या खिशात, हात वर ठेवून, घेऊन चाललो होतो. पेटीपाशी आलो तेव्हा तिनं शेजारच्या जोत्यावरून उडी मारली आणि उतरली. थोडी हलली, मग स्थिर झाली.

“बघितलंत?” ती तशीच एका पायावर उभी राहून म्हणाली.

“बघितलं,” मी म्हणालो, आणि पाकीट आत सोडलं.